भाऊबीजेची सही

नाशिक,
१४ सप्टेंबर २०२४

ती. सौ. वसूताईस,
धाकट्या चारूचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझा रडवेला होतो. कागदावर आपण दोघंही जरा शहाणे असतो.

अण्णांच्या पनवेलच्या जागेला गिऱ्हाईक आलंय. आमच्या वरदला खारघरला घर घ्यायचंय, म्हणून मी होकार दिला. पण कागद बघून वकिलाने कपाळावर हात मारला. २०११च्या भाऊबीजेला मला ओवाळून झाल्यावर तू हक्कसोडपत्रावर सही केलीस, आठवतं ना? मी ते कपाटात ठेवलं आणि काम झालं समजलो. त्याची नोंदणी करावी लागते म्हणे, नुसत्या सहीला अर्थ नाही. सरकारी नोकरीत जन्म घालवून मला हे ठाऊक नव्हतं! म्हणजे अर्धी जागा अजून तुझ्याच नावावर आहे. तेव्हा दसऱ्याआधी नोंदणी कचेरीत येऊन तेवढी सही करून टाक. नाहीतरी त्या जागेत गवताशिवाय आहे काय?

तुझ्या भावजयीने, रुचिराने तुझ्यासाठी दिवाळीची साडी घेऊन ठेवली आहे. रंग मी निवडलेला नाही, निर्धास्त राहा. भावोजींना नमस्कार.

लोभ आहेच, तो सहीनंतरही तसाच राहावा.
तुझा,
चारू


पनवेल,
२१ सप्टेंबर २०२४

चि. चारूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

गवताशिवाय काय आहे, असं विचारतोस. दहा-बारा वर्षांत तू आमच्या आळीत पाऊल टाकलेलं नाहीस, म्हणून रागावत नाही. अण्णांचा बकुळ आहे. त्याच्याभोवती शेजारच्या हव्वाबीने अबोली आणि कढीपत्ता लावलाय. समोरच्या तिन्ही इमारतींत मिळून ओंजळभर उघडी माती नाही, त्यामुळे चार वाजले की तिथली सगळी पोरं इकडे. आळीतल्या कुंदनरावांना पक्षाघात झाला, ते रोज बकुळाला धरून दहा पावलं टाकतात. परवा अकरावं टाकलं, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ती सही मी न वाचताच केली होती. बहिणीने वाटा मागितला की माहेर तुटतं, हे लहानपणापासून ऐकत आले. आई-अण्णा गेलेले, दिवाळीला ये म्हणणारं तुझं एकच दार उरलेलं. ते मिटू नये म्हणून केली सही, आणि जागा गेली असंच धरून चालले होते. तुझ्या आळसाने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं तरी भलं केलं बघ.

आता मात्र मी सही करणार नाही, चारू. मला वाटा नको, पैसे नकोत, जागा आहे तशी राहू दे. माझ्यावर रागाव हवं तर, पण दार लावून घेऊ नकोस.

कुळथाचं पीठ वेगळं पाठवते आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई


नाशिक,
३० सप्टेंबर २०२४

ती. सौ. वसूताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. झाडांची यादीही पोचली. सख्ख्या भाच्यापेक्षा तुला आळीतली पोरं जवळची, असं वरदला सांगू का?

यंदा दिवाळीत आम्ही घरी नसू. तू येण्याची तसदी घेऊ नकोस.

कळावे.
चारुदत्त


नाशिक,
२२ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. वसूताईस,
चारूचा शि. सा. न. वि. वि.

शनिवारी मी पनवेलला येऊन गेलो. समोर उभं राहून सही घ्यायचीच, असं ठरवून कागद खिशात घालून आलो होतो. तुझ्या दाराला कुलूप. भावोजींना घेऊन दवाखान्यात गेलीस असं कळलं, म्हणून जागेत जाऊन बकुळाखाली बसलो.

एक बाई पाणी घालत होत्या. मी दलाल आहे असं समजून त्यांनी मला चांगलंच झापलं. ही जागा विकायची नाही, म्हणाल्या. वसुंधराबाईंचा भाऊ नाशिकला असतो, मोठ्या दिलाचा माणूस, बहिणीचा शब्द खाली पडू दिला नाही, सगळ्या आळीसाठी जागा मोकळी ठेवली. अल्ला त्याला लंबी उम्र देवो, असंही म्हणाल्या. मग फाटकावरचा पत्रा दाखवला. पोरांनी रंगवलंय, 'चारुमामाची बाग'. रंग उडालाय, म्हणजे आजकालचं नाही. तो चारुमामा मीच, हे सांगायला जीभ उचलेना.

ताई, मी तुझा वाटा घेतला, असं तूही समजत होतीस आणि मीही. तरी इतकी वर्षं तू लोकांना हे सांगत आलीस! पत्रात मात्र त्याचा एक शब्द नाही. लाज वाटली गं. हव्वाबींनी जाताना कढीपत्त्याची डहाळी हातात ठेवली, ती घेऊन तू यायच्या आत एसटी पकडली. भित्रा म्हण हवं तर.

वरद धुसफुसतोय. घर थोडं लहान, थोडं लांब बघू म्हटलं. रुचिरा दोन दिवस बोलली नव्हती, काल आमटीत तो कढीपत्ता पडला तेव्हा कुठून आणला म्हणून तिनेच विचारलं.

भाऊबीजेला तू येऊ नकोस, मी येतो. हक्कसोडपत्र आणतोय, पण या खेपेला हक्क सोडणारा मी आहे. दुसऱ्या दिवशीची, सोमवारची नोंदणीची वेळही घेतली आहे. तीच तुझी ओवाळणी.

एकच मागणं आहे. माझी सही होईपर्यंत तो पत्रा फडक्याने झाकून ठेव. आजवर फुकट मिरवलं, आता सोमवारी कचेरीतून परतताना तुझ्याबरोबर उभा राहून वाचीन.

तुझ्याच लोभावर वाढलेला,
चारू