पोथीच्या बासनातलं साउंड कार्ड

अण्णा, ते साउंड कार्ड तुम्ही गंगाजीत सोडलंच नव्हतं. तुमच्या पोथ्या विद्यापीठाला द्यायच्या म्हणून परवा बासनं सोडत होतो, तर एका लाल बासनात दोन फळ्यांच्या मध्ये ते निघालं. वर तुमच्या अक्षरात चिठ्ठी, 'परीक्षा झाल्यावर चि.स देणे.' माझं बारावीचं वर्ष होतं. माझा गेम रात्रंदिवस वाजतो म्हणून कंप्युटर उघडून तुम्ही ते काढून घेतलंत. अजून दिसता. पंचपात्र हातात, संध्येला निघालात, मी विचारतोय कार्ड कुठाय, आणि तुम्ही मागे न बघता म्हणताय, "गंगाजीत सोडलं." आपल्याकडे जीर्ण पोथी, भंगलेली मूर्ती, सगळं तिथेच जायचं, त्यामुळे मला खरंच वाटलं. गंगाजीच्या काठी, पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर बसून रडलो. नापास झालो तेव्हा तोंडावर म्हणालो, तुमच्यामुळेच माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. पुढे आपण कामापुरतंच बोललो, तुम्ही जाईपर्यंत.

आताच्या कंप्युटरला या कार्डाची खाचच नसते. एक जोडपट्टी मागवली, आठवडाभर खटपट केली, तेव्हा कुठे तो किल्ल्याचा गेम बोलू लागला. तोच ढोल. डावीकडून खरखरतो, पण तेव्हाही खरखरायचाच. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "इतनी मेहनत, इसी टीं-टीं के लिए?" मी लगेच गेम बंद करून टाकला.

हे पत्र जायचं कुठे? त्याच बासनात ठेवीन. पण एक गोष्ट तुम्हाला कधीच सांगितली नाही. त्या हिवाळ्यात तुम्ही घरात पाठ म्हणणं सोडलंत, शिष्यांना घेऊन घाटावरच्या गारठ्यात बसायचात आणि खोकत परत यायचात. दूधवाल्याने गल्लीत हाक दिली की दबक्या आवाजात सांगायचात, "धीरे बोलो भइया, लड़का पढ़ रहा है." मला सगळं ऐकू यायचं, कारण खोलीत चिडीचूप असायचं. कार्ड नसलं तरी गेम चालतो, अण्णा, फक्त आवाज येत नाही. पुस्तक मांडीवर उघडं ठेवून मी रोज तोच खेळत होतो.