तेलाचा काटा

सेलू,
१२ एप्रिल

चि. श्रीनिधीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. ऊन लय तापायलंय. दुपारी अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नाही. तुझ्या आईचे गुडघे सध्या शांत आहेत. शेजारच्या पार्वतीबाईंनी कुरडया करून दिल्या, त्यातला एक डबा तुझ्यासाठी बाजूला ठेवलाय. कोणाबरोबर पाठवू ते कळव.

पत्राचं कारण वेगळं आहे. फोनवर विचारलं असतं, पण मी फोन लावला की तुझी आई दाराशी येऊन उभी राहते.

नागेशच्या गाडीबद्दल विचारायचं होतं. तुझं कामच गाड्यांच्या चाचणीचं, म्हणून तुलाच विचारतो. तेलाचं तापमान दाखवणारा एक काटा त्यानं स्टिअरिंगजवळ बसवून घेतला होता. तो काटा हल्ली लाल पट्टीला टेकतो. माऊली मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, "सर, ऑइल कूलर टाकून घ्या. स्पोर्ट्‌स कार हाय, तेल लय गरम व्हायलंय. इंजिन बसलं तर इकडं कुनी हात लावनार न्हाई."

कूलर घरातच आहे. नागेशनंच मागवलेला. जानेवारीत तो गेला आणि त्याच आठवड्यात त्याच्या नावानं खोकं आलं. सही मी केली. तुझी आई ते फोडू देत नाही. म्हणते, ज्यानं मागवलं तोच फोडील.

तुम्ही बहीणभाऊ यावरून भांडायचात, आठवतं. तू म्हणायचीस गरज नाही, तो म्हणायचा, "ताई, परभणीचं ऊन पुण्यात बसून कळत नसतं." मी मराठीचा मास्तर, मला दोघांचंही पटायचं. आता नीट सांग. शर्यतीत नाही, साध्या रस्त्यावर चालणाऱ्या अशा गाडीला बाहेरचा कूलर खरंच लागतो का?

गाडी फार फिरत नाही. चारच्या सुमाराला लिंबाखाली चालू करतो आणि ऊन कललं की बंद करतो. तेवढ्यातच काटा चढतो. इंजिन जपायला पाहिजे. ते बिघडलं तर घरात काय होईल, सांगता येत नाही.

गाडी विकण्याचं तू तेराव्याला बोललीस त्यात मी शिरत नाही. उत्तर लिही. कूलरपुरतं लिहिलंस तरी चालेल.

तुझे,
अप्पा


पुणे,
२० एप्रिल

ती. अप्पांस,
साष्टांग नमस्कार.

आधी कूलरचं. लागत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर इंजिन सतत पूर्ण ताकदीनं ओढतं, तिथं तेल उकळायला येतं, तिथं कूलर हवाच. रस्त्यावरच्या गाडीला कंपनीनं दिलेलं पुरतं, आपल्याकडच्या मे महिन्यातसुद्धा. तेल योग्य दर्जाचं घाला, वेळेवर बदला. उलट कूलर लावला तर थंडीच्या दिवसांत तेल तापायलाच उशीर लागेल, आणि गार, घट्ट तेलावर इंजिन जास्त झिजतं. हे मी नागेशलाही सांगितलं होतं. त्याला तर्क नको होता, कूलर हवा होता.

आणि अप्पा, कूलरला वारा लागतो. तुमची गाडी उभी आहे. उभ्या गाडीला कूलर लावून काही उपयोग नाही.

तुम्ही ती रोज उभी करून चालू का ठेवता? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं मला माहीत आहे.

आई तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला भाऊ नकोच होता." त्यानंतर मी आले नाही. पण मी इकडं सुखात आहे असं समजू नका. रस्त्याच्या कडेला कोणी गाडी चालू ठेवून उतरलेला दिसला की माझे पाय जागीच थांबतात. तो माणूस परत येऊन गाडीत बसेपर्यंत मला हलता येत नाही. एकदा एक जण लवकर आलाच नाही. लोक माझ्याकडं बघायला लागले, कारण मी रडत होते.

मला खरं लिहा.

तुमची,
श्रीनिधी


सेलू,
३ मे

चि. श्रीनिधीस,
अनेक आशीर्वाद.

खरं लिहितो.

त्या दिवशी देवगाव फाट्यावर नागेशच्या छातीत कळ आली. त्यानं गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, बजरंगच्या हॉटेलात बाकावर बसून पाणी मागितलं आणि तिथंच आडवा झाला. हे तुला माहीत आहे. आम्ही पोचलो तेव्हा गाडी तशीच चालू होती, हेही तुला कोणीतरी सांगितलेलं दिसतंय. माणसं त्याच्याभोवती होती, गाडीकडं कोणाचं लक्ष नव्हतं. मी जाऊन चावी फिरवली. तुझी आई ओरडली, "बंद का केली? त्याला ऐकू कसं येईल आता?"

तेव्हापासून रोज चालू करतो. ती डाव्या सीटवर बसते आणि उजवीकडं बघून बोलते. जेवणाचं, पार्वतीबाईंचं, तुझं. मधेच थांबते, ऐकून घेते, मान हलवते. मी त्या स्टिअरिंगमागच्या सीटवर कधी बसलो नाही. दारातून हात घालून चावी फिरवतो आणि लिंबाच्या पाराशी जाऊन बसतो. तिथून काचेत बघत नाही. एकदा बघितलं होतं. काय दिसलं ते लिहीत नाही. काही दिसलं नसेलही.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. सगळं. रस्त्यात रडलीस तेही. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. मग म्हणाली, "उभ्या गाडीला वारा लागंना म्हनती का?"

"हो."

"मग चला की."

मी त्या सीटवर बसलो. श्रीनिधी, सीट त्याच्या मापानं लावलेली होती, माझे पाय पुरेनात. पुढं ओढायला हात जाईना. तुझी आईच म्हणाली, "ओढा पुढं. त्यो काय न्हाई म्हनायचा."

एका एसटीच्या मागं हळूहळू गेलो. गावाबाहेर वारा लागला तसा काटा खाली आला. ती त्या काट्याकडंच बघत होती, जसं लेकराचा ताप उतरताना बघतात. फाट्यावर बजरंगच्या हॉटेलसमोर मी गाडी थांबवली. चावीला हात लावला नाही. बजरंग दारात आला आणि आम्हाला बघून तिथंच उभा राहिला.

तुझ्या आईनं वाकून स्वतः चावी फिरवली.

एकदम सगळं गप्प झालं. मग पुढून टक्‌, टक्‌ असा आवाज यायला लागला. तापलेलं लोखंड निवताना वाजतं तसा, मला माहीत आहे. तिनं माझा दंड धरला.

"उतरला," ती म्हणाली.

मी शिकलेला माणूस. तरी मान वळवून रस्त्याकडं बघितलं. चारठाणा गावाच्या बाजूनं ऊन नुसतं थरथरत होतं. आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघंही तिकडंच बघत राहिलो. मग ती रडली. जानेवारीपासून पहिल्यांदा. बजरंग पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि गाडीच्या टपावर ठेवून आत गेला.

परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. हे मी तुला बजावून का सांगतोय, मलाच कळत नाही.

काल चार वाजता गाडी बंद होती. चावी माझ्या खिशात होती. आम्ही आत बसलो होतो आणि दोघांनीही ती चालू झालेली ऐकली. तुझी आई उठली नाही. मला म्हणाली, "आइकू आलं तर येऊ द्या. जायचं कशाला दरवेळी?" मग म्हणाली, "पोरीला लिहा. मी बोलले ते जिव्हारी लागायचंच. फोनवर मला जमंना. म्हनावं, ये, माझ्यासमोर बस आन्‌ मला चार शब्द उलटं बोल. घरात कुनी जित्तं मानूस बोलावं वाटायलंय."

जसं बोलली तसंच लिहिलं आहे. एक अक्षर सुधारलं नाही.

तुझे, आज चार वाजायच्या आत हे पत्र टपालात टाकायला निघालेले,
अप्पा
आणि शेजारी उभी असलेली तुझी आई