यंदा गॅलरीत कंदील नाही

हडपसर, भाऊबीज

प्रिय सौमित्र,

ताईचं पत्र बघून कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. फोन तू उचलत नाहीस, आणि पत्र न वाचता फाडण्याइतका धीट तू लहानपणापासून नव्हतास.

राकेशशी लग्न केलं म्हणून त्या घराचं दार मला बंद झालं. तरी दर दिवाळीत मी स्कूटर काढून कर्वेनगरला येत होते. बिल्डिंगसमोर उभी राहायचे, गॅलरीतला बाबांच्या हातचा कंदील बघायचे आणि परत फिरायचे. कामट्या भिजवून, घरी खळ शिजवून केलेला. उजेडाला ट्यूबलाइट आहे, कंदील येणाऱ्याला घर सापडावं म्हणून असतो, असं सांगायचे ना आपल्याला? बुद्धपौर्णिमेला मी इथे त्यांच्याच पद्धतीने कंदील करते. शेपट्या मैत्री चिकटवते. आजोबांची पद्धत आहे, एवढंच पोरीला माहीत.

गेल्या वर्षी बाबांनी मला वरून पाहिलं. हाक नाही मारली. कंदिलातला दिवा बंद केला आणि पुन्हा लावला. मी हेल्मेटच्या आत रडत घरी आले.

परवा आले, तर अख्खी बिल्डिंग लखलखतेय आणि आपल्या गॅलरीत अंधार. घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी कंदील लावत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको. तरी खालच्या इस्त्रीवाल्याला विचारलं. काका गणपतीच्या आधीच गेले, म्हणाला, तुम्ही कोण त्यांच्या? ओळखीची, म्हटलं.

शाब्बास रे पठ्ठ्या! सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं असशील, दूधवाल्याला सांगितलं असशील. सख्ख्या बहिणीला तेवढं कळवायचं राहिलं. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला का रे? खरं सांग. की वाट बघून कंटाळलात आणि दर्भाचा कावळा करून उरकलंत?

भांडायला हे लिहिलेलं नाही. भांडण तर आयुष्यभर पुरेल एवढं आहे. आई अजून आहे. गॅलरीत एकटी बसून असते, हेही मला इस्त्रीवाल्याकडूनच कळावं! येत्या रविवारी सकाळी मैत्रीला घेऊन मी तिला भेटायला येतेय. दार उघडणं तुझ्या हातात आहे. नाही उघडलंस तर बेल दाबून उभी राहीन, जमू दे सगळी सोसायटी. बाबांचं मला रस्त्यावरून कळलं. आईचं तसं कळून घ्यायला मी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबणार नाही.

तुला नको असले तरी तुझीच,
ताई