भट्टीचं दार निवेपर्यंत

प्रिय अप्पा,

रविवारची दुपार आहे. लातूरच्या आमच्या कारखान्यात भट्टीसमोर स्टूल टाकून बसलेय. ती निवायला संध्याकाळ होईल, तोवर हलायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. मला माझीच शिसारी आलीय. ते दुसऱ्या कुणाला सांगू?

भोकरला घरापुढच्या दुकानात तुम्ही वेल्डिंग केलेला नांगराचा फाळ हळूहळू निवावा म्हणून राखेच्या ड्रममध्ये पुरायचात आणि पुढे स्टूल टाकून बसायचात. गिऱ्हाईक कटकट करायचं. तुम्ही म्हणायचात, "आंग आखडलंय त्याचं. ढिलं होऊ द्या. घाई हाय तर दुसरीकडं जा." त्या ड्रमची मला लाज वाटायची. मैत्रिणींना मी मागच्या दाराने घरात आणायचे. तुम्हाला ते कळत होतं ना?

इथे आम्ही धातूची पावडर लेझरने वितळवून थरावर थर चढवतो. प्रत्येक थर निवताना आक्रसतो आणि खालच्याला ओढतो. म्हणून लेझरला लांब रेघ मारू द्यायची नाही. छोटे चौकोन करायचे, दर थराला दिशा फिरवायची. तुम्हीही एक टाका इथे, एक तिथे, असंच करायचात की! तुमचं-माझं काम एकच आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.

एवढं करूनही ताण उरतो. म्हणून तुकडा ज्या जाड प्लेटवर उभा राहतो, त्या प्लेटसकट तो भट्टीत तापवायचा, आतच निवू द्यायचा आणि मगच कापून वेगळा करायचा.

बुधवारी भट्टीची कॉइल जळालेली होती. साहेब म्हणाले, "कापून टाका मॅडम, आत कोण बघायलंय?" मी तुकडा भट्टीत न घालताच कापला. कापताच तव्यावरच्या पापडासारखी त्याची कड उचलली. साहेबांनी तो प्रेसखाली दाबून सरळ करून घेतला. कागदावर 'भट्टीत तापवून निवलेला' असं लिहिलं आणि खाली सही केली ती मी. थू त्या सहीवर.

तो कृत्रिम पायाचा घोटा होता, अप्पा. माहूरला गडाच्या पायऱ्यांवर नारळ विकणाऱ्या बाईचा. माप द्यायला आली तेव्हा विचारत होती, "पायऱ्या चढता येतील का वो ताई?" मी हसून हो म्हणाले. भर पायरीवर तो मोडला असता तर? दोन दिवस घास उतरला नाही. हात कितीही घासले तरी घाणच वाटायचे.

मालकाला उलटून बोलू नये, हे मला तुम्हीच शिकवलंत ना? स्वतः गिऱ्हाइकाला खुशाल हाकलायचात आणि मला मात्र मान खाली घालायला लावलीत. याचा राग आहे माझा तुमच्यावर.

शुक्रवारी नांदेडला पाय बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, "तो घोटा बसवू नका. सही माझी आहे आणि खोटी आहे." साहेब दिवसभर खेकसत होते. काल तो तुकडा परत आला, नवी कॉइलही बसली. नव्याने केलेला दुसरा घोटा आता प्लेटसकट आत आहे.

साहेब आत्ताच येऊन गेले. "झालं असेल, उघडा." मी स्टूल आणखी दाराजवळ सरकवलं आणि बसून राहिले.

भट्टी निवल्याशिवाय मी उठणार नाही. आणि माहूरला जाऊन त्या बाईला माझ्या तोंडाने सांगेन की पहिला घोटा मी खोटा दिला होता. मग ती नव्या पायाने पहिली पायरी चढेल, तेव्हा तिच्या मागच्या पायरीवर मी उभी असेन.

तुमची,
संगी