केसरबाईंना मुलगा नसल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सावली निराधार वृद्ध निवास,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : श्रीमती केसरबाई हिवराळे (वय ७४) यांना मुलगा नसल्याचे प्रतिज्ञापत्र सादर करणेबाबत.
संदर्भ : आपला नामंजुरीचा शेरा, दि. २६ मे २०२५ : "अर्जदारास मुलगा आहे. अर्जदारास दिसते."

महोदय,

शेऱ्यातला मुलगा मी आहे आणि तिला दिसत नाही. दोन्हींचा खुलासा खालीलप्रमाणे.

१. केसरबाई माझी मावशी. मी दोन वर्षांचा असताना माझी आई अजिंठ्याला वारली. मावशीनं मला उचलून गारखेड्याला आणलं आणि मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटून समाजकार्याच्या पदवीपर्यंत शिकवलं. दत्तकपत्र केलं नाही. "आपल्याच पोराला कुणी दत्तक घेतं व्हय?" असं तिचं कायदेशीर मत होतं.

२. मला युगांडातल्या एका निर्वासित छावणीत काम मिळालं आहे. युद्धात आईबापांपासून तुटलेल्या मुलांची नोंद करायची आणि ती भलत्याच्या हाती पडू नयेत हे बघायचं. स्वतः उचललेला असल्यामुळे मला दुसरं काम सुचलं नाही. एक जुलैला हजर व्हायचं आहे. मावशी म्हणाली, "जा रे बाबा. त्या लेकरायला कोण हाय?" तिला कोण आहे, हे तिनं विचारलं नाही. ते आपल्या छापील अर्जात विचारलं आहे.

३. चौकशीला आलेल्या सुलेखाताईंनी तेच विचारलं. मावशी म्हणाली, "ह्यो काय समोर बसलाय माझा लेक. तुम्हाला दिसत नाय व्हय?" मी तेव्हा दाराबाहेर त्यांची चप्पल सावलीत सरकवत होतो. समोर गॅसचं सिलिंडर होतं. तरी तिचा निराधारपणा आणि अंधत्व एकाच वाक्यात रद्द झालं.

४. आपले लिपिक कृष्णा भाऊसाहेब म्हणाले, "तुम्ही हाय तवर त्या निराधार नाय. आधी तुम्ही जा, मग अर्ज करा." मी गेल्यावर अर्ज कोण करणार, असं विचारलं. "त्यांचा मुलगा," म्हणाले. मागं रांग होती. ते जमत नसेल तर मुलगा नसल्याचं प्रतिज्ञापत्र आणा, असंही त्यांनी सुचवलं.

५. आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं की, लेकरू ज्या बाईला बिलगलं आहे तिच्याकडं कागद नाही म्हणून तिला परकी समजू नये. लेखी परीक्षेत हा प्रश्न होता. मला पैकीच्या पैकी मिळाले.

६. प्रतिज्ञापत्र सोबत जोडलं आहे. मी केसरबाईंचा मुलगा नाही, हा मजकूर खरा आहे. मी तिला 'आई' अशी हाक कधी मारली नाही, मावशीच म्हणत आलो. हेही पुरावा म्हणून धरता येईल.

तरी तिला तीस जूनपूर्वी दाखल करून घ्यावं. अंगठा घेण्याआधी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायची आपल्याकडं पद्धत आहे असं कळलं. नातेवाइकांचा रकाना तेवढा वगळावा. ती मध्येच थांबवून विचारणार, याची मला खात्री आहे. तेव्हा 'एक मुलगा, परदेशी नोकरीला' असं वाचावं.

सोबत : प्रतिज्ञापत्र, डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला, नेमणूकपत्राची प्रत.

दि. ९ जून २०२५

आपला नम्र,
संघपाल दाभाडे
केसरबाईंशी नाते : निरंक