जावई घरी आले

आई, गेल्या आठवड्यात हे रिटायर झाले. सुखरूप. तू होतीस तोवर हा शब्द माझ्या तोंडून कधी पुरता निघाला नाही, म्हणून तोच आधी लिहून टाकते. दोन हात, दोन पाय, थोडं सुटलेलं पोट आणि गळ्यात झेंडूचा हार, असा तुझा जावई छावणीच्या मोठ्या फाटकातून बाहेर आला. सोबतच्या ड्रायव्हरांनी जीपला दोर बांधून ती हातांनी ओढत आणली. बँडवाले घामाघूम झाले होते, पण थांबले नाहीत. हे जीपमध्ये अवघडून उभे होते. आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाला स्वतःची गाडी दुसऱ्यांनी ओढलेली बघवत नसावी.

ती छावणी आता तुला ओळखू येणार नाही. तू सांगायचीस ना, की नागपूरकडून लग्न होऊन आलीस तेव्हा उतईच्या वाटेवर नुसता भाठा होता, मुरमाड पडीक जमीन, गुरं चरायची. मग एके वर्षी तंबू आले, काटेरी तार आली, आणि भिलाई-3 ला रेल्वेत असलेल्या बाबांना कुणीतरी सांगितलं की तिथं दवाखान्याला नर्स पाहिजे. पहिला दवाखाना तंबूतच होता. जवानांपेक्षा विंचवानं चावलेली माणसंच जास्त यायची, असं तू हसत सांगायचीस. पुढं पत्र्याच्या बराकी झाल्या, पाण्याची टाकी उभी राहिली, परेडचं मैदान सपाट झालं, रस्त्यांच्या कडेला चुन्यानं रंगवलेले दगड बसले. गाव वसावं तशी छावणी तुझ्या डोळ्यांपुढं वसली. आज तारेच्या जागी उंच भिंत आहे आणि पहाटे धावणाऱ्या रंगरुटांमध्ये मुलीही असतात. त्यांना पाहून तू दवाखान्याला जाता जाता तुझी मोपेड थांबवली असतीस, एवढं मात्र नक्की.

तू आमच्या लग्नाला नाही म्हणाली होतीस. स्वैपाकघरात पाटोड्यांसाठी बेसन घोटत होतीस आणि मी दाराला टेकून उभी होते. मुलगा गोंदियाकडचा, आपल्यातलाच, निर्व्यसनी, नोकरी पक्की. सगळं सांगून झालं तरी तू मान वर केली नाहीस. मग म्हणालीस, "पोरगा चांगला आहे. त्याले मी नाव ठेवून नाही राहिली. पण त्या दवाखान्याबाहेरचं बाकडं तू नाही पाहिलं. बायका येऊन बसतात तिथं. काही बोलत नाहीत, नुसत्या माझ्या तोंडाकडे पाहतात. तुले कावून बसायचं आहे त्या बाकड्यावर?" मी म्हटलं, सगळ्यांवर थोडीच तशी वेळ येते. तू चमचा ताटलीत ठेवलास आणि म्हणालीस, "नाही येत. पण वाट तर सगळ्याच पाहतात."

लग्न झालं आणि मी त्याच छावणीच्या फॅमिली लाइनीत, क्वार्टरांच्या रांगेत, राहायला आले. तू रागावलेलीच असशील असं वाटत होतं, आणि तू मला तुझी मोपेड दिलीस. अजून दिसतं, परेडच्या मैदानामागं तू मला ती शिकवते आहेस, मागं धरून धावते आहेस, आणि ओरडते आहेस, "खाली नको पाहू, समोर पाहा." दम लागल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "ते जातील, येतील. तुले कुठं जायचं असलं तर कोणाची वाट नको पाहू." त्यानंतर स्वतः तू बसनं ये-जा करायला लागलीस.

लाइनीतलं आयुष्य बिगुलावर चालायचं. पहाटे बुटांचा आवाज, मग नळाला पाणी, मग परेडचे हुकूम, संध्याकाळी हजेरी. शेजारी एका बाजूला केरळची, दुसऱ्या बाजूला आसामची. आमची सगळ्यांची भाषा मोडकी हिंदी, आणि वाटी मात्र इकडून तिकडं भरलेलीच जायची. आसामच्या बाईला माझी कढी आवडायची, मला तिचा तिळाचा लाडू. गाड्यांचा कॉन्व्हॉय दक्षिणेकडं, बस्तरकडं निघाला की कुणी फाटकापर्यंत जायचं नाही, असा बायकांचाच नियम होता. आम्ही आपापल्या दारात उभ्या राहून गाड्यांचा आवाज संपेपर्यंत ऐकायचो आणि मग लगेच भांडी घासायला घ्यायचो.

ती उन्हाळ्यातली दुपार तुला सांगायला नको, पण मला लिहायची आहे. बस्तरच्या रस्त्यात स्फोट झाला, गाडी आपली आहे, एवढंच लाइनीत कळलं. मी मोपेड काढली, मागं आसामची बाई तिच्या मुलीला घेऊन बसली. दवाखान्याबाहेरच्या त्या बाकड्यावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. फार जखमी होते त्यांना रायपूरला नेलं, बाकीच्यांना दिवस मावळता मावळता इकडं आणलं. तू दारातून एकदा माझ्याकडं पाहिलंस आणि आत गेलीस. एकेका स्ट्रेचरपाशी जाऊन तू तोंड पाहिलंस, आतलं हे सगळं तूच मला मागून सांगितलंस. त्यांत हे नव्हते. नव्हते याचा अर्थ काय काय असू शकतो, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? एका पोराची रक्तानं चिकटलेली बाही कापता कापता तू विचारलंस, "बेटा, वो गोंदिया तरफ के ड्रायवर?" तो म्हणाला, "पीछे की गाडी में थे, सिस्टर. ठीक हैं. उन्होंने ही तो हमको बाहर निकाला."

तू बाहेर आलीस. "जावई मागच्या गाडीत होते. चांगले आहेत." मला रडू यायला हवं होतं, पण हसू आलं, मोठ्यानं आलं. तू माझं मनगट धरलंस, दुखेल इतकं घट्ट, आणि हळू आवाजात म्हणालीस, "इथं नको हसू. घरी जाय." तेव्हा मला दिसलं की माझ्या शेजारची बाई तुझ्या तोंडाकडं पाहते आहे. तिचा नवरा पुढच्या गाडीत होता. वळणावरून मी मागं पाहिलं तर तू बाकड्यावर तिच्याजवळ बसली होतीस आणि तिची मुलगी तुझ्या मांडीवर होती. थोड्याच दिवसांत ती दोन ट्रंका घेऊन गावी गेली आणि तिच्या क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब आलं.

त्या आठवड्यात मेथी निवडताना तू आपण होऊन बोललीस. "त्या पोरानं सांगतलं न, तेव्हा मले इतकं बरं वाटलं का हातातली कैची पडली. अन् बाहेर ती बिचारी बसून होती. आपल्याले बरं वाटलं हे पाप आहे का गं?" मी दुसरी जुडी पुढं ओढली होती. इतक्या वर्षांनी उत्तर देते. नाही, आई. तुला बरं वाटलं, आणि तरी तू तिच्याजवळच जाऊन बसलीस. मला तर तेवढंही जमलं नसतं.

तू गेलीस तेव्हा हे बस्तरमध्येच होते. शेवटच्या दिवसांत तुला माणसं नीट ओळखू येत नव्हती, पण संध्याकाळ झाली की विचारायचीस, "जावई आले का?" मी म्हणायचे, "येऊन राहिले." त्यानंतरही ते कितीदा गेले आणि आले, आणि प्रत्येक वेळी ते आल्यावर तुला सांगायला कुणी नसायचं. आता सांगते. आले. यापुढं कुठं जायचे नाहीत.

भिलाईतच, स्मृति नगरात आम्ही लहानसं घर घेतलंय. बिगुल ऐकू येत नाही तरी हे पहाटे उठून बसतात. चादरीची घडी अशी घालतात की तिच्यावर निजायला भीती वाटावी. स्वैपाकघरातले डबे त्यांनी उंचीप्रमाणे रांगेत लावले, तेव्हा मी सांगितलं, "हे माझं मैदान आहे." ते "येस सर" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. मग मला हसू आवरेना, आणि या वेळी मनगट धरायला कुणी नव्हतं.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, यांनाही नाही. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. काल जेवण झाल्यावर मी यांना कूलरची मोटर आणायला दुर्गला पाठवलं. तासाभरात येतो म्हणाले. ऊन उतरल्यावर आले, दार वाजवून वाजवून दमले, शेवटी शेजारच्या बाईनं खिडकीतून हाक मारली. मी दार उघडलं तर म्हणाले, "इतका उशीर झाला, मले वाटलं तू काळजी करून राहिली असशील." मी त्यांच्या हातातली मोटर घेतली. मी झोपले होते, आई. त्यांना उशीर झालाय हे मला माहीतच नव्हतं.