नववं कलम

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. तू आता दोन लेकरांची आई, दुकानात गल्ल्यावर गिऱ्हाइकं तुला मॅडम म्हणतात, पण मी या घरात आले तेव्हा फ्रॉकच्या खिशात शेंगदाणे साठवणारी नऊ वर्षांची नणंद मला मिळाली होती. लेखणी टेकली की तेच नाव उमटतं. पायांची सूज उतरली का? झोपताना टाचांखाली उशी घेत जा. आणि हे पत्र घरात एकटी असताना वाच.

इकडे तुझा दादा बरा आहे, म्हणजे जेवतो आणि गप्प बसतो. तुमच्या दुकानांच्या पगारकराराची मालकाशी बोलणी आठ महिने चालली, त्यात बिचारे निम्मे झाले. युनियनकडून बोलणी करणाऱ्या पाच जणांत हेच सगळ्यात जुने. आधी बैठकीत नुसतं पाणी मिळायचं, मग चहा आला, शेवटी क्रीमची बिस्किटं. हे म्हणायचे, मालकाची बिस्किटं वाढायला लागली की समजावं, पगार काही वाढत नाही. आम्ही हसायचो. पण मागच्या बुधवारी घरी आले ते चपला न काढताच आत. वाढ मिळाली होती, आणि चांगली मिळाली होती. तुला ठाऊक आहे, पुढल्या वर्षी यांची निवृत्ती. शेवटच्या पगारावर हातात काय पडायचं ते ठरतं. मी देवापुढे हात जोडले. खोटं कशाला बोलू, आधी मनात बेरीज केली आणि मग हात जोडले.

मसुदा चौदा पानांचा. वकिली भाषा, वाक्याचं डोकं एका पानावर आणि शेपूट दुसऱ्यावर. हे म्हणाले, तुझं अक्षर मोत्याचं, सभासदांना समजेल असं एका कागदावर उतरव, झेरॉक्स काढून सगळ्या शाखांत वाटू. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मॅट्रिक झाल्यापासून माझं अक्षर किराणामालाच्या यादीपलीकडे कुणी पाहिलं नव्हतं. देवाचं नाव घेऊन बसले. बारा कलमं होती. आठ उतरवली आणि नवव्यावर हात थांबला. गल्ला बंद झाल्यावर रोकड जुळवण्याचा वेळ यापुढे कामाच्या तासांत धरला जाणार नाही.

म्हणजे शटर पडल्यावर तुम्ही बायका जो पाऊण तास उभ्याने नोटा मोजता, पावत्या लावता, एक नाणं कमी पडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता, तो पाऊण तास आता फुकट. आजवर त्याचा जादा पगार मिळत होता. तुमची वाढ त्यात जवळजवळ सगळी खर्ची पडते. मी दोनदा मांडून पाहिलं.

मी यांना विचारलं. हे मान खाली घालून म्हणाले, बारा गोष्टी मागितल्या, अकरा मिळाल्या, एक सोडावी लागते. गल्ल्यावरच्या बायका समजून घेतील, आपलीच माणसं आहेत. मी म्हटलं, सोडायची वेळ आली की बरी आपलीच माणसं आठवतात! त्यावर म्हणाले, ते कलम कागदावर नको घेऊस, उगाच गोंधळ होईल. ज्याला बघायचंय त्याने युनियनच्या कचेरीत जाऊन चौदा पानं वाचावीत.

तुझ्या दादाला दुष्ट समजू नकोस. बावीस वर्षं गोदामात खोकी उचलली त्यांनी. गोदामाला कुलूप लागलं की त्यांचं काम संपतं. पाचही जण गोदामातले नाहीतर मांडणीवर माल लावणारे, गल्ल्यावरचं एकही नाही. असणार कसं? युनियनची बैठक शटर पडल्याबरोबर भरते, आणि तेव्हा तुम्ही रोकड जुळवत असता. इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. माझ्याही नाही.

तुला आठवतं, लहानपणी माझ्या घरखर्चाच्या वहीशेजारी बसायचीस? बेरीज जुळेपर्यंत जेवायला उठायची नाहीस. आज्जीबाईसारखी म्हणायचीस, वहिनी, वही उपाशी आहे, आपण कसं जेवायचं? त्याच तुझ्या हातांचा पाऊण तास मी गाळला. होय, मीच. आठ कलमं झाल्यावर दहावं लिहिलं, त्याला नववा आकडा दिला, आणि कागद असा नेटका दिसला की कुणाला शंकाही येऊ नये. सभासद खूश आहेत म्हणे. शनिवारी सभा, हात वर करून मतदान. त्या दिवसापासून जपाला बसते आणि आठाच्या पुढे माळ सरकत नाही. देव बघतो आहे असं वाटतं.

फोन केला असता, पण फोनवर बोललेलं उद्या नाकारता येतं. आणि माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही. म्हणून सोबत दुसरा कागद जोडला आहे. त्यावर नववं कलम मसुद्यात आहे तसंच, शब्द न शब्द, आणि खाली सोप्या भाषेत. शनिवारी सभेत उभी राहा आणि मोठ्याने वाच. कुणी विचारलं, हे कुठून आणलंस, तर वाटलेला कागद आणि हा कागद शेजारी धर. अक्षर एकच आहे, कुणालाही दिसेल. तुझ्या दादाला तर पहिल्या ओळीतच कळेल. पण त्यांना सभेत कळू देणार नाही मी, चार लोकांत मान खाली जायला नको. पत्र पेटीत टाकून आले की पान वाढीन, पोटभर जेवू देईन, आणि मग स्वतःच सांगेन. पुढे काय होईल ते होवो. तू मात्र हात वर करू नकोस.

तुला बेरीज शिकवणारी आणि स्वतः चुकलेली,
तुझीच वहिनी